एकच चिठ्ठी, तीन वह्या: कीर्द, खतावणी आणि गाडीची यादी कायम जुळती कशी ठेवायची? (हास्केल)

सावदेकर

राम राम मंडळी,

आमच्या काकांचा केळी खरेदीचा धंदा आहे. सावदा, रावेर, यावल पट्ट्यातल्या बागांमधून माल घ्यायचा, काट्यावर तोलायचा आणि गाड्या भरून दिल्लीकडे लावायच्या. त्यांच्यासाठी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहितोय. हास्केल ही फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषा निवडली, कारण एकदा तयार झालेली किंमत मागच्या दाराने कुणी बदलू शकत नाही, हा गुण पैशाच्या हिशेबात मला फार मोलाचा वाटतो.

प्रत्येक तोलाची एक चिठ्ठी बनते. त्यात चिठ्ठी नंबर, तारीख, शेतकरी, गाव, भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन, रिकाम्याचं वजन, निव्वळ वजन, क्विंटलचा भाव आणि माल कोणत्या गाडीत चढला ते. हीच चिठ्ठी तीन ठिकाणी लागते: तारखेप्रमाणे कीर्दीत, शेतकऱ्याप्रमाणे खतावणीत, गाडीप्रमाणे लोडिंग यादीत. सध्या तिन्हींचे तीन वेगळे मॅप (खुणेवरून नोंद शोधून देणारे तक्ते) ठेवले आहेत.

आता समजा, 412 नंबरच्या चिठ्ठीत वजन 18.40 क्विंटल लिहिलं गेलं आणि फेरतोलात ते 17.90 निघालं. चिठ्ठी इम्युटेबल, म्हणजे एकदा बनली की न बदलणारी, असल्यामुळे दुरुस्ती म्हणजे नवी चिठ्ठी. कीर्दीत नवी बसवली तरी खतावणी आणि गाडीची यादी जुनीच धरून बसतात. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक फंक्शनला तिन्ही मॅप हातात घ्यावे लागतात. काकांना गाववार चौथी वही हवी आहे. ती आली की यातलं प्रत्येक फंक्शन पुन्हा उघडायचं. वादळाने बागा आडव्या झाल्या की सगळ्यांची कापणी एकदम निघते, त्या दिवशी तर अशा दुरुस्त्यांची रीघ लागते.

दरवेळी सगळं नव्याने मोजलं तर वेळ जातो, आणि तिन्ही वह्या हाताने जुळवत बसलं तर कधीतरी फरक पडणारच. फंक्शनल पद्धतीत यातून वाट कशी काढतात?

बोरीकाठ

भाऊ, खतावणी साठवताच कशाला?

चिठ्ठ्यांचा एकच मॅप ठेवा, चिठ्ठी नंबर ते चिठ्ठी. खतावणी, गाडीची यादी, गाववार वही ही सगळी त्या मॅपवर चालणारी फंक्शन्स. मग जुळवायला काही उरतच नाही, कारण दुसरी प्रतच नाही. लाखभर चिठ्ठ्यांची खतावणी साध्या लॅपटॉपवर सेकंदाच्या आत तयार होते. आधी मोजून बघा, मगच पुढच्या उपायांकडे वळा.

दुसरं, चिठ्ठीच्या आत अख्खा शेतकरी ठेवू नका, नुसता शेतकरी क्रमांक ठेवा. शेतकऱ्याच्या आत चिठ्ठ्या आणि चिठ्ठीच्या आत शेतकरी अशी गाठ हास्केलमध्ये आळशी मूल्यमापनाच्या (गरज पडेल तेव्हाच मोजण्याच्या) जोरावर बांधता येते. पण शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलला की त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या नव्याने बांधायच्या, त्या चिठ्ठ्यांना धरून असलेल्या गाड्याही नव्याने बांधायच्या. क्रमांक ठेवला तर बदल एका जागी होतो. त्याची किंमत एवढीच की क्रमांकावरून शेतकरी शोधताना "सापडला नाही" ही शक्यता हाताळावी लागते. ती सांभाळणारं एकच मॉड्यूल करा आणि मॅप बाहेर उघडा ठेवू नका.

सावदेकर

ताई, क्रमांकाचं पटलं, ते आजच बदलतो.

सगळं नव्याने मोजायचं मात्र लॅपटॉपवर चालेल, काट्यावर नाही. तिथे माणसाच्या हातात जुना स्वस्त मोबाइल असतो. चिठ्ठी भरली की तिथल्या तिथे शेतकऱ्याला बाकी दाखवायची असते, कारण तो समोर उभा असतो आणि "माझे किती झाले?" हे त्याला ट्रॅक्टर हलवायच्या आत कळायला हवं. खाती अनेक वर्षांची आहेत. शिवाय बेरजांवरच्या बेरजा आहेत: शेतकऱ्याची बाकी, गावाची बाकी, दिवसाचं एकूण वजन, गाडीत अजून किती जागा आहे.

भुसावळ_जंक्शन

मग वह्या साठवा, पण त्यांना हात लावायचा रस्ता एकच ठेवा.

चिठ्ठी बदलते तेव्हा "नवी चिठ्ठी घे" असं न सांगता "ही जुनी, ही नवी" अशी जोडी पुढे पाठवा. या जोडीला आपण बदल म्हणू. नवीन चिठ्ठी आली तर जुनी बाजू रिकामी, चिठ्ठी रद्द झाली तर नवी बाजू रिकामी. प्रत्येक वहीला एकच फंक्शन द्या, बदल घेऊन वही पुढे नेणारं:

```
खतावणी_पुढे_ने (जुनी, नवी) खतावणी =
    जुनीच्या खात्यातून जुनीची रक्कम वजा
    नवीच्या खात्यात नवीची रक्कम मिळव
```

तुमच्या 412 वर चालवून बघू. भाव 1250 धरा. जुनी रक्कम 23,000, नवी 22,375. खात्यात -625 जातात, दिवसाच्या वजनात -0.50 क्विंटल जातात, गाडीच्या यादीतूनही तेवढेच. बाकी हजारो खात्यांना कुणी हात लावत नाही. मॅप म्हणजे आतून समतोल झाड, त्यामुळे एक खातं बदलायला मुळापासून त्या खात्यापर्यंतच्या वाटेवरचे नोड (झाडाचे सांधे) नवे बनतात आणि उरलेलं झाड जुनी आणि नवी खतावणी दोघींत सामायिक राहतं. म्हणून "इम्युटेबल म्हणजे दरवेळी सगळी प्रत" हा समज खरा नाही.

चिठ्ठी चुकून दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावे पडली असेल तरी हेच फंक्शन चालतं. एका खात्यातून 23,000 निघतात, दुसऱ्यात 23,000 चढतात. वेगळा नियम लिहावा लागत नाही, आणि म्हणूनच मला जोडी पाठवणं हे "वजन बदला", "नाव बदला", "भाव बदला" अशी दहा फंक्शन्स लिहिण्यापेक्षा फार बरं वाटतं.

गाववार वही आली की असं एक फंक्शन लिहायचं आणि यादीत टाकायचं. चिठ्ठी दुरुस्त करणाऱ्या कोडला चौथी वही आल्याचं कळतही नाही.

यामागे पक्की बैठक आहे. पेज आणि कोनिग यांनी 1982 मध्येच फायनाइट डिफरन्सिंग नावाने हे मांडलं: महाग हिशेब पुन्हा करण्याऐवजी त्याचा फरक मोजा. 2014 मध्ये काय, जारुसो, रेंडेल आणि ओस्टरमान यांनी लॅम्बडा कॅल्क्युलससाठी (फंक्शनल भाषांच्या गणिती पायासाठी) दाखवलं की फंक्शन दिलं तर त्याचं "बदलाचं फंक्शन" यंत्रवत काढता येतं. शाळेत आपण गणितात डेरिव्हेटिव्ह काढायचो, तीच चाल इथे प्रोग्रॅमवर चालते.

मेहरूण

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण पैसे इथेच घसरतात.

वजन आणि भाव दोन्ही एकदम बदलले तर फरकाचे तुकडे तीन होतात. 18.40 चे 17.90 आणि 1250 चे 1300 झाले असं धरा. वजनातला फरक जुन्या भावाने: -625. भावातला फरक जुन्या वजनाने: +920. आणि दोन्ही फरकांचा गुणाकार: -0.50 × 50 म्हणजे -25. बेरीज 270. ताळा करा: 17.90 × 1300 = 23,270, म्हणजे जुन्यापेक्षा 270 जास्त. वजनाचा आणि भावाचा फरक वेगवेगळ्या फंक्शनमध्ये मोजणारे तिसरा तुकडा विसरतात आणि शेतकऱ्याच्या खात्यात 25 रुपये कायमचे जास्तीचे बसतात. जुनी-नवी जोडी पाठवली तर हा प्रश्न येत नाही, म्हणून जंक्शन भाऊंच्या पद्धतीला माझा पूर्ण पाठिंबा.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. रकमा फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. सगळं नव्याने मोजताना फ्लोटची बारीक चूक दरवेळी नव्याने सुरू होते. फरक मिळवत गेलं की ती साठत जाते, आणि वर्षाअखेर मिळवलेली बाकी नि मोजलेली बाकी यांत पैशांचा फरक निघतो. वजन किलोत आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. केळीच्या धंद्याला तर हे आयतं जमतं: क्विंटलला 1250 रुपये म्हणजे किलोला बरोबर 1250 पैसे. आकडा तोच राहतो. 1840 किलो × 1250 = 23,00,000 पैसे. भागाकारही नाही, दशांशही नाही.

सावदेकर

मेहरूण, रुपये-क्विंटल आणि पैसे-किलोचा आकडा एकच येतो हे इतकी वर्षं भाव ऐकूनही कधी लक्षात आलं नव्हतं. फार कामाचं सांगितलंत.

शिरपूरकर

वजाबाकीची वाट सगळीकडे चालत नाही हेही लिहायला हवं.

बेरीज उलटवता येते, म्हणून जुनी रक्कम काढून टाकता येते. गणिताच्या भाषेत पूर्णांकांची बेरीज हा ग्रुप आहे, प्रत्येक आकड्याला उलटा आकडा आहे. पण "आजचा सर्वांत जास्त भाव" घ्या. 1400 ची एकच चिठ्ठी होती आणि ती रद्द झाली. आता जास्तीत जास्त किती? नुसता 1400 हा आकडा हातात ठेवून उत्तर देता येत नाही, त्याच्या खाली कोण होतं ही माहिती केव्हाच गेली. कमाल, किमान, शेवटची तारीख, पहिली चिठ्ठी ही सगळी त्याच जातीची. यांना जोडता येतं, उलटवता येत नाही. म्हणजे मोनॉइड आहे, ग्रुप नाही.

यावर दोन उपाय आहेत. सोपा: भावावरून चिठ्ठ्यांच्या संख्येचा मॅप ठेवा. 1400 → 1, 1380 → 6 असा. चिठ्ठी गेली की संख्या एकने कमी, शून्य झाली तर तो भाव मॅपमधून काढून टाका, आणि मॅपमधला सर्वांत मोठा भाव हेच उत्तर. इथे उलटवता येणारी गोष्ट, म्हणजे मोजणी, खाली ठेवली आणि न उलटणारी वर काढली.

दुसरा उपाय जास्त पोचतो. चिठ्ठ्या समतोल झाडात ठेवा आणि प्रत्येक नोडवर त्याच्या खालच्या सगळ्यांचा सारांश लिहून ठेवा. एक पान बदललं की फक्त मुळापर्यंतच्या वाटेवरचे सारांश नव्याने जोडायचे. लाख चिठ्ठ्यांना ही वाट साधारण 17 पायऱ्यांची. हिन्झे आणि पॅटरसन यांचं 2006 चं फिंगर ट्री याच कल्पनेवर उभं आहे.

या झाडाचा तुम्हाला आणखी एक फायदा होईल, ज्याची चर्चा वर आली नाही. कीर्दीत प्रत्येक दिवसाखाली चालती शिल्लक असते. मागच्या महिन्यातली एक चिठ्ठी 625 ने बदलली की त्यानंतरची प्रत्येक शिल्लक 625 ने बदलते. त्या साठवल्या असतील तर एका दुरुस्तीला त्यानंतरच्या सगळ्या ओळी पुन्हा लिहाव्या लागतील. साठवू नका. तारखेप्रमाणे लावलेल्या झाडात "अमुक दिवसापर्यंतची बेरीज" मुळापासून एक वाट चालून मिळते. स्क्रीनवर एका वेळी वीस ओळी दिसतात, तेवढ्याच काढा.

धुळ्याचे_नाना

राम राम पोरांनो. मी प्रोग्रॅमिंगवाला नाही, आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं. पुतण्याने हा धागा दाखवला आणि वाचून फार बरं वाटलं. तुम्हनं काम भलतं चांगलं शे.

तुम्ही जे जोडी-जोडी म्हणता ते पेढीवर आम्ही रोज करायचो. कीर्दीत खाडाखोड करायची नाही हा पहिला नियम. रक्कम चुकली तर उलट नोंद टाकून ती काढायची आणि बरोबर रक्कम नव्याने लिहायची. आधी लिहिणार कीर्दीत, मग खतावणीत उतरवणार, उलटं कधीच नाही. खतावणीतल्या प्रत्येक रकमेसमोर कीर्दीचं पान लिहायचं, म्हणजे ही रक्कम आली कुठून हे कुणालाही पाहता येतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये खात्यातल्या रकमेवर बोट ठेवलं की मूळ चिठ्ठी उघडते का? नसेल तर ते आधी करा. शेतकरी भांडतो तेव्हा बेरीज दाखवून भागत नाही, चिठ्ठी दाखवावी लागते.

आणि महिन्याला तेरीज काढायची. सगळ्या खात्यांची जमा बाजू आणि नावे बाजू जुळली पाहिजे. पण पोरांनो, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नका. पाटलांची रक्कम चौधरींच्या खात्यात त्याच बाजूला पडली तरी तेरीज जुळतेच. ते फक्त खातं खात्याशी लावून पाहिलं तरच सापडतं.

बोरीकाठ

नानांच्या शेवटच्या परिच्छेदाला नमस्कार. प्रोग्रॅम तपासायचा तो असाच तपासायला हवा.

मी वर सुचवलेली "सगळं नव्याने मोज" ही आवृत्ती फेकून देऊ नका. ती हळू आहे पण दहा ओळींची आहे, वाचून पटते. तीच व्याख्या. बदलांनी पुढे नेलेली खतावणी ही तिची वेगवान आवृत्ती. मग क्विकचेकला (आपोआप वाटेल ती उदाहरणं बनवून कोड तपासणाऱ्या साधनाला) सांगा: वाटेल तशा चिठ्ठ्या बनव, वाटेल तशा दुरुस्त्या, रद्द नोंदी, नावबदल त्यावर चालव, आणि शेवटी दोन्ही खतावण्या खातं-खातं सारख्या आहेत का बघ. नुसत्या एकूण बेरजेची तुलना करू नका, नानांनी कारण सांगितलंच आहे. क्लासेन आणि ह्यूज यांनी 2000 मध्ये क्विकचेक आणलं ते हास्केलसाठीच, त्यामुळे तेवढं एक पॅकेज जोडलं की भागतं.

टेस्टमध्ये एक गोष्ट मुद्दाम घाला: शून्य झालेली खाती. नव्याने मोजताना चिठ्ठी नसलेला शेतकरी मॅपमध्ये येतच नाही. वजा करून शून्यावर आलेला मात्र 0 रकमेने बसून राहतो. दोन मॅप मग सारखे ठरत नाहीत. आणि नुसती रक्कम 0 झाली म्हणून खातं काढू नका, चिठ्ठ्यांची संख्याही ठेवा आणि ती 0 झाली की काढा. माल दिला आणि तेवढीच उचल घेतली असा शेतकरी रकमेने शून्य असतो, पण त्याचं खातं जिवंत असतं.

अजून एक हास्केलपुरतं. मॅप स्ट्रिक्ट (आकडा लगेच मोजून ठेवणारा) घ्या आणि रेकॉर्डची फील्डंही स्ट्रिक्ट करा. नाहीतर खात्यात आकडा न बसता "जुना अधिक 400 वजा 625 अधिक…" अशी न सोडवलेली बेरीज साठत जाते, मेमरी भरते आणि ज्या क्षणी बाकी विचारली त्या क्षणी सगळं एकदम सोडवायला बसतं. नेमकं शेतकरी समोर उभा असताना.

शिरपूरकर

ताईंशी सहमत. पण वह्या वाढत गेल्या तर हाताने बदलाची फंक्शन्स लिहिणं किती दिवस चालेल? ओकॅमल या फंक्शनल भाषेत जेन स्ट्रीट या ट्रेडिंग कंपनीची इन्क्रिमेंटल लायब्ररी आहे, तिचं मूळ आकार, ब्लेलॉक आणि हार्पर यांच्या 2002 च्या कामात. तुम्ही हिशेब नेहमीसारखा लिहिता, कोण कोणावर अवलंबून आहे याचा आलेख लायब्ररी ठेवते आणि मूळ आकडा बदलला की तेवढाच भाग पुन्हा चालवते. मधला निकाल आधीइतकाच आला तर पुढे पसरणं तिथेच थांबतं.

भुसावळ_जंक्शन

आलेख खोल असेल तिथे मीही तेच घेईन. विशेषतः दोन वाटांनी एकाच आकड्यापर्यंत पोचता येतं तिथे. वजनावरून रक्कम आणि वजनावरून हमाली, आणि दोन्हींवरून देणं. रक्कम नवी आणि हमाली जुनी अशा अवस्थेत देणं मोजलं गेलं तर क्षणभर चुकीचा आकडा दिसतो. तो आलेख उंचीच्या क्रमाने चालवून ही लायब्ररी ते टाळते.

पण इथे खोली दोन पायऱ्यांची आहे, आणि एक अडचण आहे. अशा आलेखात प्रत्येक नोड "काहीतरी बदललं" एवढंच सांगतो. दहा हजार चिठ्ठ्यांच्या बेरजेतली एक बदलली तर भोळेपणाने लिहिलेला बेरजेचा नोड पुन्हा दहा हजार मिळवतो. काय बदललं हे सांगणारा फरक शेवटी तुम्हालाच द्यावा लागतो. म्हणून सावदेकरांनी जोडीनेच सुरुवात करावी हे माझं मत कायम आहे.

सावदेकर

यातच पुढचा प्रश्न. काका कीर्द बघत नाहीत, ते खतावणीच उघडतात आणि तिथेच दुरुस्त करायचं म्हणतात. खात्याच्या पानावर 412 ची ओळ दिसते, तिच्यावर टॅप करून वजन बदलायचं. कधी कधी खालची एकूण बाकीच बदलायची असते: "सोड, राउंड कर, 22,000 धर." म्हणजे उलट्या दिशेनेही जुळवायचं.

मेहरूण

या दोन दुरुस्त्या वरून सारख्या दिसतात, आत फार वेगळ्या आहेत.

ओळ बदलणं सोपं. ओळीत चिठ्ठी नंबर आहे, त्यामुळे ती नेमकी कोणत्या चिठ्ठीची हे ठरलेलं आहे. ओळीवरची दुरुस्ती जागच्या जागी न करता तिची जुनी-नवी जोडी बनवा, कीर्दीकडे पाठवा, आणि खतावणी नेहमीच्या वाटेने बदलू द्या. खात्याच्या पानाने स्वतःची ओळ स्वतः बदलायची नाही. नानांचा "उलटं कधीच नाही" तो हाच.

याला लेन्स म्हणतात. फॉस्टर, ग्रीनवॉल्ड, मूर, पिअर्स आणि श्मिट यांनी 2005 मध्ये त्याचे नियम नीट मांडले. मूळ डेटामधून देखावा काढणारं एक फंक्शन, बदललेला देखावा मुळात परत बसवणारं दुसरं. काही न बदलता परत बसवलं तर मूळ जसंच्या तसं राहायला हवं. आणि जे बसवलं तेच परत वाचता यायला हवं. देखाव्यात नसलेली माहिती, म्हणजे तुमच्या बाबतीत गाडी नंबर आणि रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन, परत बसवताना हरवायची नाही, यासाठी दुसऱ्या फंक्शनला जुनं मूळही द्यावं लागतं. इथे तुमच्यासाठी एक निर्णय आहे: निव्वळ वजन बदललं तर भरलेलं बदलायचं की रिकामं? हे लायब्ररी ठरवू शकत नाही. फेरतोलात जे पुन्हा मोजलं ते बदला, आणि खात्याच्या पानावर निव्वळऐवजी तीच दोन वजनं दुरुस्तीला द्या.

एकूण बाकीचं तसं नाही. 22,375 ची 22,000 झाली, तर 375 कोणत्या चिठ्ठीतून गेले? वजनातून की भावातून? असंख्य कीर्दींची बेरीज 22,000 येते. डेटाबेसवाल्यांना हा प्रश्न जुना आहे, बान्सिलॉन आणि स्पिराटोस यांनी 1981 मध्ये त्यावर लिहिलं: देखाव्यात जे दिसत नाही ते स्थिर धरा आणि त्या अटीत एकच उत्तर निघत असेल तरच दुरुस्ती मान्य करा. तुमच्या बेरजेला तसं एकच उत्तर नाही. म्हणून बाकीचा आकडा बदलण्याजोगा ठेवूच नका. तिथे "सूट" असं बटण द्या. दाबलं की कीर्दीत 375 ची सुटीची स्वतंत्र नोंद पडेल, तारीख आणि कुणी दिली त्यासकट. काकांना हवं ते मिळतं आणि कोणत्याही चिठ्ठीचं वजन खोटं होत नाही.

धुळ्याचे_नाना

बरोबर. सूट ही सूट म्हणूनच लिहायची, वजनात लपवायची नाही.

सातपुडा_पायथा

चोपड्याकडून लिहितोय. आमच्याकडे डोंगराकडच्या बागांत नेटवर्क जात-येत असतं, तुमच्याही काट्यांवर तसंच असेल. दोन काट्यांवर दोन मोबाइल, दोघं ऑफलाइन, संध्याकाळी जुळणार. तेव्हा काय पाठवायचं हे आत्ताच ठरवा, नंतर जड जाईल.

बदल मिळवायचा क्रम मागेपुढे झाला तरी बेरजेला फरक पडत नाही, ही चांगली बाजू. पण तोच बदल दोनदा पोचला तर दोनदा मिळवला जातो. आणि नेटवर्क अर्धवट असताना हे नक्की होतं: मोबाइल पाठवतो, पोच येत नाही, पुन्हा पाठवतो. -625 दोनदा. म्हणून खात्यांचे फरक वायरवर पाठवूच नका. चिठ्ठ्या पाठवा. चिठ्ठी नंबरात काट्याची खूण ठेवा म्हणजे दोन मोबाइल एकच नंबर देणार नाहीत, आणि प्रत्येक दुरुस्तीला आवृत्ती क्रमांक द्या. आलेली आवृत्ती आपल्याकडे असेल तर सोडून द्यायची, नवी असेल तर आपल्याकडची जुनी आणि आलेली नवी यांची जोडी तिथेच बनवायची आणि वह्या पुढे न्यायच्या. फरक प्रत्येक मोबाइल स्वतः मोजतो.

एकच चिठ्ठी दोन्हीकडे वेगवेगळी दुरुस्त झाली तर आवृत्ती क्रमांक सारखे आणि आकडे वेगळे येतील. तिथे कुणाचं खरं हे प्रोग्रॅमने ठरवू नये. दोन्ही ठेवा, चिठ्ठीवर खूण करा, काका विचारून ठरवतील.

सावदेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं करतोय: चिठ्ठ्यांचा एकच मॅप, आवृत्ती क्रमांकासह. वह्यांची यादी, प्रत्येकीचं एक "पुढे ने" आणि एक "नव्याने मोज". क्विकचेक दोघांना खातं-खातं लावून बघेल. सगळं किलोत आणि पैशांत. दिवसाच्या कमाल भावाला मोजणीचा मॅप, चालत्या शिल्लकीला सारांशाचं झाड. खात्याच्या ओळीवर टॅप केलं की चिठ्ठी उघडेल.

एक शेवटचं राहिलं. प्रोग्रॅम उघडताना वह्या पहिल्यांदा भरायच्या असतात, तेव्हा अनेक वर्षांच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात. 31 मार्चची शिल्लक साठवून 1 एप्रिलपासून पुढे मोजलं तर वेळ वाचेल. पण मग मागच्या वर्षाच्या चिठ्ठीत दुरुस्ती आली तर?

भुसावळ_जंक्शन

साठवलेली शिल्लक हीसुद्धा एक वहीच आहे, तिलाही "पुढे ने" द्या. फेब्रुवारीतली चिठ्ठी बदलली की बदलाची तारीख बघायची आणि त्या तारखेनंतरच्या प्रत्येक साठवलेल्या शिल्लकीत -625 मिळवायचे. वर्षाला एक शिल्लक, म्हणजे जास्तीत जास्त पाच-दहा आकडे. आणि त्यांनाही क्विकचेकच्या तपासात घाला.

धुळ्याचे_नाना

वर्ष चालू असेल आणि वह्या उघड्या असतील तोवर तसं करा. ऑडिट होऊन मागचं वर्ष बंद झालं असेल तर त्या वर्षाच्या शिल्लकीला हात लावायचा नाही. फरकाची नोंद चालू वर्षात, आजच्या तारखेने पडेल, आणि शेऱ्यात लिहायचं: मूळ चिठ्ठी 412, अमुक तारखेची, फेरतोल. तेव्हा प्रोग्रॅममध्ये "वर्ष बंद" अशी खूण ठेवा, आणि ती लागल्यावर जोडीतली जुनी बाजू मागे न जाता आजच्या तारखेलाच वजा होईल अशी व्यवस्था करा.

सावदेकर

नाना, हे "वर्ष बंद" आजच टाकतो. शेऱ्याचं फील्ड चिठ्ठीत नव्हतं, तेही घेतलं.